एक चादर जास्त

"पंजे आपल्याकडे ओढा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन्ही."

थोरलीने ओढले. डावा पंजा टुणकन उभा राहिला. उजवा खाटेवर तसाच लुळा.

"उजवाही ओढा ना."

"ओढलाय की! डोळे तपासून घ्या बाई," थोरली हसली.

शेजारी उभ्या असलेल्या धाकट्या जावेने तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. थोरली थट्टा करत नव्हती. तिला खरंच वाटत होतं, पाय हलतोय.

"जाऊबाई, जरा खाली बघा," धाकटी कशीबशी म्हणाली.

थोरलीने बघितलं. हसू ओठांवरच राहिलं आणि चेहरा पार उतरला. "अगं, हा माझा पाय? मी सांगतेय आणि हा ऐकत कसा नाही?"

धाकटी याच इस्पितळात ऑपरेशन थिएटरची सिस्टर. काल थोरलीची गर्भपिशवी काढली, तेव्हा तिला टेबलावर झोपवून पाय आधारांवर चढवायचं आणि बांधायचं काम धाकटीने मागून घेतलं होतं. थोरलीनेच तशी गळ घातली होती. सायकलवर टपाल वाटणारी, भुंकणाऱ्या कुत्र्यालाही दम भरणारी बाई, पण डॉक्टरपुढे पोटरी उघडी करायची म्हटलं तरी अंग चोरायची. "चार परकी माणसं असतील गं. एवढी लाज राख माझी."

म्हणून धाकटीने रोजच्यापेक्षा एक चादर जास्त घेतली. उजव्या बाजूची सारखी घसरत होती, तेव्हा तिची गुंडाळी करून गुडघ्याच्या बाहेरून पट्ट्याखाली दाबून बसवली आणि पट्टा आणखी ओढला. मनात देवाचं नाव घेत, अगदी मायेने. पोटात आतडी बरीच चिकटलेली निघाली, ती सोडवताना ऑपरेशन लांबलं, पण चादर जागची हलली नाही. धाकटीला केवढं समाधान वाटलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याच्या बाहेरच्या हाडाखाली बोट टेकवलं. "इथून नस जाते, कातडीच्या अगदी लगत. ती दबलीय, आणि बराच वेळ."

"कमरेतल्या इंजेक्शनचा सुन्नपणा असेल," धाकटी म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

"डाव्याचा उतरला आणि उजव्याचा तेवढा राहिला? सिस्टर, हे तुम्हाला मी सांगायचं? पाय कुणी बांधले होते?"

धाकटी म्हणाली, "मी."

"मीच म्हटलं होतं तिला," थोरली घाईने म्हणाली. "तिला नका बोलू."

"तुम्ही झाकायला सांगितलंत, जाऊबाई. आवळायला नव्हतं सांगितलं."



"सायकल?" थोरलीने हळूच विचारलं.

"बहुतेकांच्या पायात जोर परत येतो. महिने लागतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण शब्द नाही देत. तोवर पंजा आधारपट्टीत ठेवायचा. सिस्टर, बांधा."

धाकटी पुढे झाली. तिचा हात लागणार, तोच थोरलीने आपला चांगला पाय मध्ये घातला. तिलाही ते नंतर कळलं असावं. ती नजर चुकवून भिंतीकडे बघू लागली.

"दुसऱ्या कुणाला तरी बांधू दे गं," ती म्हणाली. "तू नुसती बस इथे."

धाकटी खाटेशेजारी बसली. दोन्ही हात तिने मांडीवर ठेवले.