जमनाची सावली

धानोऱ्यात कुणाच्या गोठ्यात किंवा कुडाच्या भिंतीत साप निघाला, की लोक आधी सुपडूला हाक मारत आणि मग देवाला. त्याची भरीव बांबूची काठी एका घावात काम करायची. दुसरा घाव घालावा लागला, तर तो दोन दिवस कुणाशी बोलत नसे. एरवी तरी कुठे बोलत होता म्हणा.

तर त्या थंडीतल्या पहाटे, चूल पेटवता पेटवता, त्याच्या बायकोने, जमनाने, त्याला सांगितलं.

“माले दिन ऱ्हायनात,” ती जाळाकडे बघतच म्हणाली. “पाच महिना व्हवालगून कोनलेच सांगानं नई.”

का, हे त्याला विचारावं लागलं नाही. लग्नाला सात वर्षं झाली होती. दोनदा असंच झालं, दोन्ही वेळा आनंदाच्या भरात गावभर झालं, आणि दोन्ही वेळा तिसरा महिना काही उलटला नाही. मग बायका भेटायला आल्या, हळहळल्या, दृष्ट कुणाची लागली याचा खल करून गेल्या. त्या कीव करण्यानेच जमना जास्त खचली होती. महिनाभर ती पाणवठ्यावर अंधारातच जाऊन यायची.

सुपडूला मात्र दृष्टीपेक्षा दुसरंच काही डाचत होतं. गर्भारणीच्या नवऱ्याने जीव मारू नये, असं त्याची आई सांगायची. तेव्हा त्याने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. दोन्ही खेपांना त्याची काठी चालली होती. ही गोष्ट त्याने जमनाला कधी सांगितली नव्हती.

तो बैलांना चारा टाकायला गोठ्यात गेला आणि पेंढी हातात धरून उभाच राहिला. रात्री झोपताना घरात दोघं होती. उठून बघतो तर तिघं. दाराची कडी तर आतून लावलेली, मग तिसरं आलं कुठून? माणसं जन्मतात हे काय त्याला ठाऊक नव्हतं? गाव भरलं होतं माणसांनी. पण आजवर त्याने एकालाही असं येताना पाहिलं नव्हतं, इतकं गुपचूप, इतकं आपल्याच घरात. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. तोंड मिटून असणाऱ्यालाही कुठेतरी मोकळं व्हावंच लागतं. त्याने बैलाच्या कानाला तोंड लावून ती बातमी सांगून टाकली. बैलाने कान झटकला, आणि गुपित तिथेच राहिलं.

दिवसभर वावरात कापूस वेचताना तो सारखा जमनाकडे बघत होता. ती वाकली की याचा हात थांबायचा. दुपारी त्याने तिच्या डोक्यावरचं गाठोडं काढून घेतलं, तशा शेजारच्या ओळीतल्या बायका हसल्या. जमनाने डोळे असे वटारले, की ते गाठोडं त्याने जसंच्या तसं परत तिच्या डोक्यावर ठेवलं.

दिवस कलला आणि बांधावरून गावातला वाहरू धावत आला. त्याच्या घरात कापसाच्या ढिगातून नाग निघाला होता, आणि खोलीच्या टोकाला खाटेवर त्याची म्हातारी आई होती. पार्वतीबाईचा खुबा मोडलेला, तिला उठता येत नव्हतं. नाग खाटेच्या आणि दाराच्या मधोमध बसला होता. सुपडू निघाला. काठी घरून घेताना ती त्याला कधी नव्हे इतकी जड लागली.

अंगणात सगळी गल्ली जमली होती, पण उंबऱ्यापासून दहा हात लांब. सुपडू आत गेला. नागाने फणा काढला होता, आणि खाटेवरची पार्वतीबाई भिंतीला चिकटून पडली होती. काठी वर गेली. तिथेच थांबली.

“मार ना भो, काय दखी ऱ्हायना?” मागून वाहरू कळवळून म्हणाला. “मन्ही माय शे तठे.”

सुपडूच्या कपाळावर घाम आला. मारावं तर घरातल्या त्या तिसऱ्याचं काय? न मारावं तर ही म्हातारी जाईल, तीही कुणाची तरी आईच. आणि न मारण्याचं कारण सांगावं तरी कसं? शेवटी त्याने वाहरूला रुंद तोंडाचं मडकं आणायला मागच्या घरात पिटाळलं. नाग आपणहून मडक्यात शिरतो हे त्याने ऐकलं होतं. पण फुत्कारणाऱ्या नागापुढे मडकं नेऊन ठेवायचं कुणी आणि कसं, हे त्याने ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात जमना उंबऱ्यावर येऊन उभी राहिली.

दार पश्चिमेचं होतं. उन्हं तिच्या पाठीशी होती, आणि तिची सावली लांबच लांब होऊन खोलीत शिरली. गर्भारणीची सावली पडली की नाग आंधळा होतो, हे त्या मुलखात पोरासोरांनाही ठाऊक. सुपडूने तिला मानेने नको म्हटलं. पार्वतीबाई समोर बघत होती, आणि पार्वतीबाईला कळलं म्हणजे दवंडी पिटायची गरज नाही, असं गाव म्हणायचं. जमनालाही ते माहीत होतं. ती क्षणभर घुटमळली. मग एक पाऊल पुढे आली, आणि सावली नागावर पडली.

फणा खाली आला. नाग दोरखंडासारखा जमिनीवर पडून राहिला. त्याचे डोळे गेले, की थंडीने तो गारठला होता, हे देवालाच ठाऊक. सुपडूला मात्र उभ्या उभ्या हुंदका आला. अजून ज्याला हातपाय नाहीत, नाव नाही, त्याने एका नागाला थांबवलं होतं.

वाहरू मडकं घेऊन आला. सुपडूने ते आडवं ठेवलं, काठीच्या टोकाने शेपटीला जरासं डिवचलं, आणि नाग आतल्या अंधारात सरकत गेला. सुपडूने मडक्याच्या तोंडावर उपरणं बांधलं. बाहेर लगेच कुजबुज सुरू झाली. सुपडूचा हात कसा थांबला? आणि जमना कशाला आत गेली होती?

“मीच सांगं त्याले,” खाटेवरून पार्वतीबाईचा खणखणीत आवाज आला. “मन्हा घरमा नागदेवले मारानं नई. आनि जमनाले मी हाक मारी, माले भ्याव वाटना म्हनीसन. आते ज्याना त्याना घर जा.”

तिने हाक मारली नव्हती. वाहरू तोंड उघडणार होता, त्याला तिने पाणी आणायला धाडलं. अंगण रिकामं झालं. मग तिने जमनाला जवळ बोलावलं आणि हात तिच्या गालावर ठेवला. म्हातारीचे डोळे भरून आले होते.

“माले काहीच दखायनं नई, पोरी,” ती हळूच म्हणाली. “कोनी काही इचारं तं मन्हाकडे धाडी दे.”

जमना तिच्या पायाशी वाकली. सुपडूने मडकं खाली ठेवलं आणि तोही वाकला.