केकऱ्यांची गिटार पास होते

संगीताने माणसाच्या आत्म्याची उन्नती होते, असं थोर लोक सांगून गेले आहेत. त्यांच्यापैकी कुणी सहा हजारांच्या आतली गिटार शोधत जबलपूरच्या बाजारात हिंडल्याचा पुरावा मात्र मिळत नाही.

श्यामसुंदर केकरे हिंडत होते. वय चौपन्न, नोकरी संरक्षण कारखान्यात, तपासणी विभागात. समोर आलेला सुटा भाग मोजायचा, मापात असला तर पास, नसला तर लाल रंग लावून बाजूला. ही सवय सुट्टी झाली की गेटवर जमा करून यायची सोय नसते. त्यांच्या रांझी वस्तीतला भाजीवाला त्यांना लांबून येताना पाहिलं की वांगी स्वतःच उलटी करून ठेवायचा. घरात फ्रिज यायला दोन उन्हाळे लागले होते.

गिटार का हवी, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. रिटायरमेंट दिसू लागली की पुरुषांना असं काहीतरी होतंच, कुणी गुलाब लावतो, कुणी होमिओपॅथीच्या गोळ्या वाटतो, अशी घरात समजूत होती. खरं कारण होती विनता, त्यांची बायको. ती पोळ्या लाटताना गुणगुणायची. शब्द नसायचे, नाव सांगता येईल असं गाणंही नसायचं. नुसता सूर, लाटण्याबरोबर पुढे जाणारा. मग मुलगी मेघना नोकरीला बेंगळुरूला गेली, डब्यातल्या पोळ्या कमी झाल्या, आणि केव्हातरी तो सूर थांबला. पंखा बंद पडला तर लगेच कळतं. हे कळायला केकऱ्यांना बरेच महिने लागले. त्यानंतर रोज संध्याकाळी ते पेपर समोर धरून स्वयंपाकघराकडे कान लावून बसायचे. लाटण्याचा आवाज यायचा. फक्त लाटण्याचा.

"काहून गप्प आहेस?" त्यांनी एकदा विचारून पाहिलं.

"मग काय भाषण देऊ?" विनता म्हणाली.

'गुणगुण ना' असं म्हणता येत नव्हतं. इतक्या वर्षांत जे कधी मागावं लागलं नाही, ते मागायचं कसं? शेवटी त्यांनी हिशेब मांडला, की घरात कुणी बाजूला बसून हळूच काहीतरी वाजवत असलं, तर ती आपोआप सुरू होईल. हार्मोनियम आणली असती तर महाराष्ट्र मंडळातले सगळे ती बघायला आले असते आणि चहा पिऊन गेले असते. गिटार बघायला कुणी येणार नव्हतं.

"बाबा, ऑनलाइन ऑर्डर करो ना," मेघना फोनवर म्हणाली. "रिव्ह्यू असतात सगळे."

"त्या रिव्ह्यूवाल्यांनी तारेची उंची मोजली का?"

"बाबा, प्लीज."

पण तारेची उंची हीच मुख्य गोष्ट होती. तार दांड्यापासून फार वर असली तर नवशिक्याची बोटं सोलून निघतात आणि महिन्याभरात गिटार माळ्यावर जाते. हे त्यांनी यूट्यूबवर पाहिलं होतं. बाकीचे सल्ले, म्हणजे मनाला भिडेल ती घ्या, हातात घेतली की कळतं वगैरे, त्यांनी सोडून दिले. त्यात मापच नव्हतं.

सराफ्याच्या मागच्या गल्लीत अंजनी भैयाचं वाद्यांचं दुकान होतं. ढोलक, हार्मोनियम, बँडवाल्यांचे झालरीचे पोशाख, आणि भिंतीवर ओळीने टांगलेल्या गिटारी. केकरे दर शनिवारी संध्याकाळी तिथे जायचे. खिशातून पोलादी पट्टी काढायचे, मग फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांची जुडी, आणि डोळा बारीक करून दांड्यावरून बघायचे.

"भाईसाहब, गिटार है, तोप नहीं है," अंजनी म्हणायचा.

"तोप में इतना फरक चलता भी नहीं."

एकीचा दांडा वाकलेला निघाला. एकीच्या खुंट्या सैल. एकीच्या पॉलिशखाली बुडबुडा होता, तो आवाजाला काही करत नव्हता, पण होता.

"भाभीजी को भी पट्टी लगा के देखा था क्या?"

"वो डिपार्टमेंट पिताजी के पास था," केकरे म्हणाले आणि पुढची गिटार उतरवायला सांगितली.

असे पावसाळा आणि दिवाळी दोन्ही गेले. मग विनताच्या मंगळसूत्राचा फासा सैल झाला, तो सराफ्यात बसवून घ्यायचा होता, म्हणून केकऱ्यांनी रजा टाकली आणि सकाळी दोघंही बाजारात आले. सोनाराने थांबायला सांगितलं. तेवढ्यात केकरे अंजनीकडे शिरले. विनता दारातच उभी राहिली, पर्समध्ये सोनाराची पावती शोधत.

नवीन आलेली तपकिरी गिटार त्यांनी मोजली. तार चांगलीच वर होती.

"रिजेक्ट."

अंजनी कंटाळला होता. त्याने तीच गिटार घेऊन उगाच छेडली. बाहेरून पालिकेची कचरागाडी भोंग्यावर गाणं लावून गेली, एक सांड हलायला तयार नव्हता म्हणून कुणीतरी ओरडलं, आणि या सगळ्यात दारात उभी असलेली विनता, पावती शोधता शोधता, गुणगुणू लागली. चार सूर वर, मग थोडं वळण, मग खाली.

केकऱ्यांच्या हातातली पट्टी तिथेच राहिली.

कारखान्यात माल मापाबाहेर असला आणि नड मोठी असली, तर साहेबाची सही घेऊन तो चालवून घेतात. त्याला डेव्हिएशन म्हणतात. केकऱ्यांनी उभ्या नोकरीत एकदाही त्याची शिफारस केली नव्हती.

"ये पैक कर दो," ते म्हणाले.

"ये? इसको तो आपने अभी फेल किया है!"

"पैक करो भैया."

घरी गिटार आली. तिच्यातून जे निघत होतं त्याबद्दल विनताने चौकशी केली. "अहो, हे काय करून राहिले तुम्ही? मांजर अडकली वाटलं मला." यूट्यूब खरं बोलत होतं. आठवडा संपायच्या आत डाव्या हाताची बोटं सोलली. विनताने खोबरेल लावून दिलं, बोटांवर फुंकरही घातली. गुणगुणली मात्र नाही. केकरे संध्याकाळी वाजवायचे, ती पोळ्या लाटायची, आणि दोन्ही आवाज एकमेकांना न भेटता घरात फिरायचे. कधीकधी ते हात थांबवून वाट बघायचे. मग ती आतून म्हणायची, "झालं का? वाढू?"

मग कसलीशी सुट्टी आली. एरवी केकरे साडेसहालाच पहिल्या पाळीला निघायचे. त्या दिवशी चहा घेऊन दारापुढच्या ओट्यावर बसले. सव्वाआठला गल्लीच्या तोंडाशी कचरागाडी आली, भोंग्यावर स्वच्छतेचं गाणं वाजवत. विनता ओल्याची हिरवी आणि सुक्याची निळी बादली घेऊन घाईने बाहेर आली. फाटक ओलांडताना ती गुणगुणत होती. चार सूर वर, थोडं वळण, मग खाली. बादल्या रिकाम्या करून परत येईपर्यंत गाडी लांब गेली, भोंगा विरला, तीही थांबली.

"चहा गार होऊन राहिला तुमचा," ती म्हणाली.

गिटारचा काही दोष नव्हता. म्हणजे होता, पण तो वेगळा. परत घ्यायला अंजनीने हरकत घेतली नसती, पुन्हा मोजायला येणार नाही म्हटलं असतं तर त्याने वरून पेढे दिले असते. केकऱ्यांनी गिटार खोळीतून काढली आणि मोबाइलवर ते स्वच्छतेचं गाणं शोधलं. एकाच तारेवर बसणारं होतं. तरी तार उंच, बोटं जाड. हिवाळा संपत आला तेव्हा कुठे ते ओळखू येऊ लागलं. सराव त्यांनी गच्चीवर केला, विनता मंडळात गेलेली बघून.

मग एका सकाळी, तिने कणीक मळायला घेतली तेव्हा, ते बैठकीत खिडकीशी बसले आणि वाजवू लागले. पहिल्यांदा चुकले. दुसऱ्यांदा वळणही नीट आलं.

स्वयंपाकघरात भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. विनता कणकेचे हात तसेच, दोन्ही बादल्या उचलून लगबगीने त्यांच्या समोरून बाहेर गेली, गुणगुणत. फाटकापाशी पोचली. आडणा काढला, गल्लीत डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि बादल्या हातात धरून गुणगुणत उभी राहिली.

केकरे वाजवत राहिले.

रविवारी कचरागाडी येत नाही.