तांब्या गेला, कौसल्या राहिली

“रिकामा पाठवला! जयानं, अन् रिकामा! वरून झाकणबी बसून गेलं. काय केलं बाप्पा तुयं त्या लग्नात?”

शेवटचा प्रश्न मला होता. कौसल्यानं मला दोन मांड्यांत धरलं होतं, झाकणाला साडीचा पदर गुंडाळला होता आणि दात-ओठ खाऊन पिळत होती. मी उत्तर देऊ शकलो नाही. झाकण बसलेलं होतं म्हणून नव्हे. मित्रांनो, तांब्याला तोंड असतं, पण ते फक्त पाण्यासाठी.

मी फिरकीचा तांब्या. पितळेचा, पोटानं गोल, मानेला आटे पाडलेला, वर फिरवून घट्ट बसणारं झाकण. तुमच्या घरात मी नसेन. तुमच्या आजीला विचारा, ती हसेल. पूर्वी माणसं प्रवासाला निघाली की घरचं पाणी माझ्यात भरून घ्यायची. एसटीच्या खिडकीशी मला मांडीवर धरायची, आणि पाणी वरून प्यायची, तोंड न लावता. एका तांब्यात अर्धी एसटी पाणी प्यायची आणि कुणाचं उष्टं व्हायचं नाही.

माझा जन्म भंडाऱ्याकडचा. तिथल्या कारागिरानं मला ठोकून गोल केलं, आतून कल्हई केली. उमरखेडच्या एका भांड्यांच्या दुकानात मी दोन उन्हाळे बसून होतो. मग एका बापानं मला मुलीच्या लग्नात आंदण म्हणून घेतलं. दुकानदारानं छोट्या छिन्नीनं माझ्या गळ्यावर टिंबाटिंबांनी नाव घातलं, ‘कौसल्या’. तुम्हाला वाटेल की दुखलं असेल. दुखलं. पण नाव पडल्याशिवाय भांडं कुणाचं होत नाही.

कौसल्या ब्लाऊज शिवते. तिच्या तीन मैत्रिणी, तिघीही शिवण क्लासातल्या. समोरच्या घरातली जया, मेन रोडला फॉल-बिडिंगचं दुकान असलेली साधना, आणि वयानं मोठ्या म्हणून सगळ्यांना दटावणाऱ्या विमलताई. लेकरं मोठी झाल्यावर या चौघींनी दरवर्षी एकदा फिरायला जायचं ठरवलं. माहूरगड झाला, लोणारचं सरोवर झालं. एका वर्षी मला विसरल्या, तर महागावच्या अलीकडे गाडीचा टायर फुटला. तेव्हापासून विमलताईंचा कायदा, “तांब्या नाई तं ट्रिप नाई.” लोक तोवर प्लास्टिकच्या बाटल्या घेऊन फिरू लागले होते. मी मात्र वर्षातून एकदा माळ्यावरून उतरायचो, चिंचेनं घासून लखलखीत व्हायचो आणि चौघींच्या मधोमध बसायचो. एवढ्या मानावर भांड्याचं वर्ष निघतं.

अंदमानला जायचं, हे कौसल्याच्या डोक्यातलं. तिनं समुद्र कधी पाहिलेला नाही. तिनं एक वही केली होती. वर्तमानपत्रातली चित्रं कापून चिकटवलेली, खाली तिच्या गोल अक्षरात माहिती: खारफुटीची झाडं पाण्यात उभी राहतात. मुळं वर श्वास घ्यायला येतात. तिनं एकाच छापील कापडाच्या चार पिशव्याही शिवल्या, समुद्राच्या रंगाच्या. तीन वाटल्या. चौथी स्वतःसाठी खिळ्याला अडकवून ठेवली.

मग सहस्रकुंडच्या धबधब्यावर तिचा पाय घसरला. ओला खडक, गुडघ्यावर पडली. तिघींनी तिला धरून वर आणलं, शेवटची गाडी चुकली, सगळ्यांच्या घरचे फोन सुरू झाले. घरी आल्यावर माझी घासणी करताना साधना जयाच्या कानात म्हणाली, आणि मी त्या दोघींच्या मधे होतो:

“तिले अंदमानले नेलं तं गुहा पाहाची का गुडघा पाहाचा?”

जया हसली. नंतर तिनं मला गरजेपेक्षा जास्त जोरात घासलं.

मोबाइलवर एक नवा ग्रुप तयार झाला. जुन्यात चौघी, नव्यात तिघी. कौसल्याला सांगितलं की ट्रिप रद्द झाली, विमानाचं जमलं नाही. तिनं वही मिटली आणि म्हणाली, “जाऊ द्या वं. पुढच्या वर्षी जाऊ. तवर माया गुडघाबी ठिकाणावर येते.” आठवड्यानं जया आली. आर्णीला भाचीचं लग्न आहे, चार दिवस जातेय, तुझा तांब्या दे म्हणाली.

तुम्ही विचाराल, जिला टाळायचं तिचाच तांब्या कशाला? मीही हेच विचारत होतो. पण या बायकांना कौसल्याशिवाय विमानात बसायची हिंमत झाली आणि माझ्याशिवाय झाली नाही. टायर फुटण्याची भीती फार मोठी असते.

कौसल्यानं मला स्वतः घासून दिलं. वर म्हणाली, “लग्नाच्या घरचं पाणी पिऊ नको वं, पोट बिघडते तुयं. याच्यातलंच पी.”

मी गेलो. माझी मर्जी कोण विचारतं? नागपूरच्या विमानतळावर तपासणाऱ्या मुलीनं मला पिशवीतून काढून उलटं-पालटं केलं आणि तिला हसू आलं. मग ढग. मग ते निळं पाणी. मित्रांनो, मी खोटं कशाला बोलू, मलाही आवडलं. होडी खारफुटीच्या बोळातून गेली तेव्हा दोन्हीकडची झाडं पाण्यात उभी होती आणि त्यांची मुळं खरोखरच वर श्वास घेत होती. वहीत लिहिलं होतं तसंच. पुढे चुन्याच्या दगडाची गुहा, तिच्यात छतावरून खाली लोंबणारे दगड. तिथवर पायवाट होती, सपाट, सावलीची. विमलताई वाटेत दोनदा बसल्या. कौसल्या चालली असती. हे त्या तिघींनाही दिसलं असणार.

किनाऱ्यावर विमलताईंनी मला वाळूत टेकवलं आणि त्या फोटोसाठी उभ्या राहिल्या. लाट आली, मला आडवं करून गेली. झाकण बाजूला पडलं होतं. पोटात खारट पाणी, आट्यांत पांढरी बारीक रेती. समुद्राला पहिल्यांदा भेटलो तो असा. जिच्या नावाचा मी, ती इकडे उमरखेडला काजं-बटनं करत होती.

तिसऱ्या दिवशी एका गावात गेलो. तिथली बाई, जमनी, हिच्या आजी-आजोबांना फार वर्षांपूर्वी रांचीकडून जंगलकामाला आणलं होतं. आता तिचं घर, अंगणात सुपारीची झाडं, त्यांवर चढलेले मिऱ्याचे वेल, कोपऱ्यात लवंगेचं झाड. तिनं बिनदुधाचा लाल चहा दिला, आजी गायची ती शेतातली गाणी म्हणून दाखवली. मला पाहून तिचा चेहरा उजळला.

“पीतल का लोटा! नानी के पास था ऐसा.” तिनं मला हातात घेतलं, अंगठ्यानं माझा गळा पुसला आणि अक्षरं वाचली. “कौसल्या. आप में से कौसल्या कौन है?”

साधना चपलेकडे पाहू लागली. विमलताईंना खोकला आला. आणि जया, लग्नानंतर पहिल्या दिवशी कौसल्याच्या घरी साखर मागायला आलेली जया, म्हणाली, “मैं.”

माझ्या गळ्यावरचं नाव त्या दिवशी पुन्हा दुखलं.

जमनीनं परत देताना मूठभर लवंगा माझ्यात टाकल्या. “खाली लोटा कैसे लौटाऊँ, कौसल्या दीदी?” आमच्या उमरखेडलाही हीच रीत आहे. शेजारणीची वाटी आली तर रिकामी पाठवत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी. इतक्या लांब समुद्रापार तीच रीत पाहून मला आनंद व्हायला हवा होता.

मुक्कामी जयानं लवंगा काढून रुमालात गाठ मारली. माझं झाकण जोरानं फिरवलं. रेती करकरली, तिनं ऐकलं नाही. पुढे ती रेती आणि खारट पाणी मिळून झाकण घट्ट धरून बसले. उमरखेडला आल्यावर तिनं मला दारातूनच दिलं. रिकामं.

आता तुम्हाला एक सांगतो, म्हाताऱ्या भांड्याचं ऐका. उसनं आणलेलं भांडं धुऊन द्यावं, आटे पुसून द्यावेत. कणभर रेती राहिली तरी झाकण बसतं, आणि मग ते जितकं जोरानं पिळाल तितकं आवळतं. कोमट पाणी लागतं, वेळ लागतो, आणि ज्यानं बसवलं त्याचाच हात लागतो. याहून मोठा उपदेश मला येत नाही.

गुरुवारी दुपारी तिघी नेहमीप्रमाणे चहाला आल्या. विमलताईंच्या नाकाची साल निघाली होती.

“आर्णीच्या लग्नात इतकं ऊन होतं काय वं?” कौसल्यानं विचारलं.

“मांडव फाटका होता,” साधना म्हणाली. विमलताईंना लग्नाचं आमंत्रणच नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं नाही. कौसल्या तिच्याकडे क्षणभर पाहत राहिली, मग तिनं वही उघडली.

“मी रोज ग्राउंडले सहा चकरा मारून राह्यली. आता कुरकुर नाई गुडघ्याची. दिवाळी झाली का निघू. विमलताई, समुद्राचं पाणी ओठाले लागलं का चुरचुरते म्हणे. खरं हाय का?”

“मले कायले विचारते? मी कुठी पाह्यला समुद्र?” विमलताईंनी बशी तोंडाला लावली.

कौसल्यानं खिळ्याजवळून मला उचललं आणि जयाच्या मांडीत ठेवलं. “तूच बसवलं, तूच उघड.”

जयानं आधी नाही म्हटलं, मग कोमट पाणी मागितलं. तिनं माझी मान पाण्यात धरली, तेलाचं बोट फिरवलं, पिळलं. करकर झाली. झाकण सुटलं आणि आट्यांतली ओली रेती वहीच्या उघड्या पानावर पडली, चिकटवलेल्या समुद्राच्या चित्रावर.

कौसल्यानं चिमटीत घेतली. बोटांवर चोळली. तिच्यात शिंपल्याचा बारीक तुकडा होता.

“पैनगंगेची रेती अशी पांढरी नसते,” ती हळूच म्हणाली.

“मांडवात टाकलती, बाहेरून आणून,” साधना म्हणाली.

“चहा थंडा होऊन राह्यला,” विमलताई म्हणाल्या.

कौसल्यानं मला नाकाशी नेलं. “अन् लवंग?”

कौसल्यानंच शिवलेल्या निळ्या पिशवीतून जयानं रुमाल काढला. गाठ सोडायला तिला वेळ लागला. लवंगा तिनं एकेक करून माझ्यात टाकल्या, एकही खाली पडू दिली नाही.

“जमनी नावाच्या बाईनं देल्ल्या. कौसल्यासाठी. तिनं विचारलं, कौसल्या कोण, तं मी म्हटलं, मी.” मग जयानं मान वर केली. “ट्रिप रद्द नव्हती झाली, कौसल्या. आमी तुले रद्द केलतं.”