मुळाला धरून

हरभऱ्याच्या मुळाशी नांदणारा मी एक जिवाणू. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून माझी गोष्ट मलाच सांगावी लागते.

माझं बालपण पाकिटातल्या काळ्या भुकटीत गेलं. जिवाणू-खताचं ते पाकीट तेल्हाऱ्याच्या खुशालरावांनी आणलं. दोन वर्षं त्यांच्या नाल्याकाठच्या तुकड्यात हरभरा पिवळा पडत होता. "यंदाही पिवळा पडला, त पुढं मी इथं हरभरा पेरत नाही," त्यांनी घरात बजावलं. त्यांच्या पत्नी जयवंताबाईंचा जीव खालीवर झाला. याच तुकड्यातल्या डाळीचं पुरण देवीला दाखवीन, असं त्या बोलून बसल्या होत्या.

बाईंनी आम्हाला गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळलं. गुळामुळे आम्ही दाण्यांना घट्ट बसलो. पण धान्याला ऊन दाखवायची त्यांची जुनी सवय. त्यांनी बियाणं अंगणात पसरलं. माझे सोबती भराभर वाळून गेले. मी दाण्याच्या खालच्या अंगाला होतो, म्हणून तगलो.

"अवं, काय करून राहिली? हे सावलीत वाळवा लागते," खुशालराव ओरडले.

"मले काय मालूम? तुमी सांगतलं काय?"

"कुरड्या नाहीत त्या."

"कुरड्या असत्या, त तुमी पहिले खायाले बसले असते," म्हणत बाईंनी घाईघाईने बियाणं सुपात भरलं. मग देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले.

पेरणी झाली. मातीत गूळ विरघळला आणि मी मोकळा झालो. कोवळ्या मुळातून पाझरणाऱ्या रसाची चाहूल लागली. पण काळी माती म्हणजे अरुंद बोळांचं गाव. ओल असेल तिथवर शेपटी हलवत पोहायचं. ओल तुटली की मातीच्या कणाला चिकटून थांबायचं. खुशालरावांनी पाणी दिलं की पुन्हा निघायचं. वाटेत आम्ही एकाचे कितीतरी झालो.

अखेर मुळाचा केसासारखा धागा लागला. मी त्याला चिकटलो. त्याने वाकून मला कवेत घेतलं, मग आत घेतलं. तिथे आमची गाठ वाढली. आम्ही रोपाला हवेतला नत्र भरवतो, रोप आम्हाला साखर देतं.

एका सकाळी बाईंनी शेजारचं रोप उपटलं. मुळावर गाठी होत्या. एक नखाने फोडली, आत गुलाबी रंग.

"पाहा, जित्या हायेत."

खुशालराव हिरव्यागार तुकड्यावरून नजर फिरवत म्हणाले, "पुरणाची डाळ इथलीच घेजो."

आता घाटे भरलेत. रोप वाळेल, गाठ फुटेल, आम्ही मातीत पसरू. बाई, सोंगताना हरभरा उपटू नका, विळ्याने कापा. मुळं जमिनीतच राहू द्या. तिथे आमचं गाव वसलंय.