हारूनचाचाच्या वाट्याची पानं

"हारूनचाचा, फुलावर आलेल्या झाडाची पानं काढली की कळ्या टपोऱ्या होतात ना? मग तुमच्या झाडांची का नाही काढलीत?"

शुक्रवारी सकाळी भर तोडणीत, सगळ्या माणसांसमोर मी हे विचारलं. तेही अरबीत, म्हणजे आमचा कफील, म्हणजे ज्याच्या व्हिसावर आम्ही राहतो तो मळामालक अबू साद, याला शब्द न् शब्द कळावा!

पैज शाळेच्या बसमध्ये लागली होती. आसावरी म्हणाली, "तू काय विचारणार! घरी जाऊन उशीत तोंड खुपसशील. तोंडावर विचारलंस तर मिठाईवाल्याकडचा अख्खा कुनाफा माझ्याकडून."

"आणि तुमच्या बोलीत नाही हां," अफशाँ म्हणाली. "बोलीत तो तुला गोल गोल फिरवेल. अरबीत विचार. तिथे त्याची बोबडी वळते."

मागच्या वर्षापर्यंत हजेरीला 'येस'सुद्धा मी ओठांतल्या ओठांत म्हणायचे. पण यंदा अरबीच्या वक्तृत्वात मला ढाल मिळाली आणि तेव्हापासून माझी जीभ माझ्याही ताब्यात नाही. मी म्हटलं, कुनाफा पिस्त्याचा पाहिजे.

आता मुळापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरगी आगाऊ आहे. आगाऊ आहेच. पण कारण ऐका.

सौदीतल्या ताइफच्या वर, हदाच्या डोंगरात अबू सादचा गुलाबांचा मळा. पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेला, दगडाच्या गडग्यांनी बांधलेला. माती तांबूस, मुरमाड. पाणी दिलं की आमच्या दापोलीच्या मातीसारखाच वास येतो, असं अब्बा म्हणतात. माझ्या जन्माच्या आधीपासून अब्बा, म्हणजे कादिर, या मळ्यात राबताहेत. मार्च सरत आला की झाडांच्या अंगभर कळ्या येतात. फूल उन्हाच्या आत खुडायचं, नाहीतर वास उडून जातो आणि अत्तरवाला नाक मुरडतो.

हारूनचाचा आमच्याच गावचा. अब्बांनीच त्याचा व्हिसा काढवला. पहिलं वर्षभर तो आमच्या पडवीत झोपला आणि अम्मीच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्या खाऊन गुबगुबीत झाला. कात्री कशी धरायची हेसुद्धा त्याला अब्बांनी शिकवलं.

यंदा सरकारचा नियम आला. आपली माणसं कामावर घ्या, बाहेरची कमी करा. अबू सादनं हिशेबाला भाचा बसवला, आणि झाडांसाठी बाहेरचा एकच माणूस ठेवता येणार म्हणाला. एक म्हणजे अब्बा, नाहीतर हारूनचाचा. मळ्याचे दोन वाटे केले. वरचा हारूनचाचाला, खालचा अब्बांना. "ज्याचा वाटा जास्त फुलेल तो राहील," अबू साद म्हणाला, "दुसऱ्याला एक्झिट."

अब्बांना एक्झिट म्हणजे आम्हा सगळ्यांनाच देश सोडायचा. माझी दहावी, अम्मीचं अंगण, अब्बांची झाडं, सगळं बोऱ्यात बांधून दापोलीला.

आणि ऐन कळ्या धरायच्या वेळी अब्बांचा मुतखडा उसळला. ते दवाखान्यात, मी परीक्षेत, आणि अम्मी एकटी खालच्या वाट्यावर. तेव्हा हारूनचाचा आला. मी आत पुस्तक घेऊन बसले होते, सगळं ऐकलं.

"भाबी, तुमच्या म्हायेरी मोगऱ्याची पानं वरबाडतात का नाय?"

"वरबाडतात तर! माजी आयशी कळ्या धरायच्या आधी सगळा मोगरा बोडका करायची. मग फुलायचा नुसता."

"मग! ह्यो गुलाब पण तसाच. सगळा रस पानंच खातात. काढा पानं, कळी बगा कशी फुगते."

"पन हे कदी काढीत नाय वो."

"कादिरभाय जुन्या वळणाचे. दवाखान्यातनं येतील तवा मळा फुललेला बगून खूश होतील. माजं नाव नका सांगू हां, त्येंना राग यायचा."

अम्मी भोळी आहे असं लोक म्हणतात. भोळी नाही हो, तिला फक्त नवऱ्याला खूश बघायचं होतं. बोटं सोलून निघेपर्यंत ती पानं खुडत राहिली. खालचा अख्खा वाटा उघडा झाला. पुढच्या दोन दिवसांत खालून, तिहामाच्या किनारपट्टीकडून भट्टीसारखा वारा चढला आणि सावलीला एक पान नसलेल्या कळ्या देठावरच करपल्या. हात लावला की भुगा.

अब्बा घरी आले, काठी टेकत मळ्यात उतरले आणि पहिल्याच झाडापाशी खाली बसले.

"हलिमा, अगो ह्ये काय केलंस? कळी धरल्यावर पान काढायचं नसतं. पान म्हंजे झाडाची चूल. पंगत बसवलीस न् चूलच इजवलीस गो."

"मोगऱ्याला तर..."

"मोगऱ्याची पानं कळीच्या आधी काढतात. ती पण मोगऱ्याची!"

अम्मीनं हारूनचाचाचं नाव घेतलं नाही. शब्द दिला होता म्हणे! मीच सांगितलं. अब्बा म्हणाले, पुरावा काय? आणि तिकडे हारूनचाचा जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीच्या दारात आसपासच्या मळ्यांतल्या गाववाल्यांना सांगत होता, "मळा राखायला बाईमाणूस ठेवलं. बाईच्या हाताला अक्कल असती का?" सगळे हसले. मुस्तफा ड्रायव्हरनं ते जसंच्या तसं आमच्या घरी आणून ओतलं. त्या दिवसापासून अम्मी अंगणातसुद्धा येईना. आणि मी? मी रोज झोपताना हारूनचाचाला एका नव्या पद्धतीनं करपवत होते.

तर, शुक्रवार. वरच्या वाट्यावर तोडणी. झाडं अशी लगडलेली की फांद्या वाकलेल्या. अबू साद गडग्यावर बसून कहवा पीत होता. अब्बा बाजूला उभे, पराभव आधीच अंगात घालून आल्यासारखे. मी मधोमध गेले आणि विचारलं.

हारूनचाचाचा हात टोपलीतच राहिला. "हिला काय कळतं," तो मोडक्या अरबीत म्हणाला, "पोरगी आहे."

"म्हणूनच विचारते," मी म्हटलं. "शिकायचंय मला. माझ्या अम्मीला तुम्ही शिकवलंत ना? पानं रस खातात म्हणून?"

"मी तर मोगऱ्याचं बोललो होतो!"

"गुलाब पण तसाच, असंही बोललात. मी आत होते."

अबू सादनं कहव्याचा फिंजान खाली ठेवला. म्हातारा गुलाबांतच जन्मला आहे, त्याला काय सांगायचं! तो शांतपणे म्हणाला, "हारून, सरळ सांग. फुलावर असताना पानं काढावीत की ठेवावीत?"

आता फसला! 'ठेवावीत' म्हणावं तर अम्मीला जाणूनबुजून बुडवलं हे कबूल. 'काढावीत' म्हणावं तर... तोडणीला आलेले गाववाले हातातलं काम टाकून ऐकत होते. हारूनचाचानं छाती काढली.

"काढावीत. मला वेळ नाही मिळाला, एवढंच."

"आज वेळ आहे," अबू साद म्हणाला. "यल्ला. माझ्यासमोर काढ."

हारूनचाचानं खालची दोनतीन पिवळी पानं तोडली.

"ती नाही. वरची. कळ्यांजवळची."

त्यानं एका फांदीला हात घातला. फांदीवर कळ्यांचे झुबके, त्यांना हिरव्यागार पानांनी असं झाकलेलं जसं अम्मी गरम भाकरीवर फडकं टाकते. हात तिथे गेला आणि थांबला. पुन्हा गेला, पुन्हा थांबला. शेवटी तो हात त्यानं सदऱ्याला पुसला आणि खाली बघत उभा राहिला.

"खलास," अबू साद म्हणाला. "तुझा हात खरं बोलला."

मला तेवढ्यानं भागेना! मी पुढे झाले आणि त्याच फांदीवरची पानं मूठभर ओरबाडली. मग दुसरीवरची. काटे लागत होते, पण इतका गोड मला कुनाफासुद्धा लागला नसता. तिसऱ्या फांदीला अब्बांनी माझं मनगट धरलं.

"सोड! झाडानं काय केलंय गो तुजं?"

सोडलं. पण झाडाची माफी मागितली, हारूनचाचाची नाही.

अबू सादनं त्याची फुलं मोजलीच नाहीत. आम्ही राहिलो, एक्झिट त्याला लागली. आज दुपारी मुस्तफाची गाडी त्याला जेद्दाच्या विमानतळावर नेणार आहे. गाडी फाटकाशी लागली पण आहे.

आमच्याकडे रीत आहे. परदेशातून कायमचं निघणारं माणूस दारोदार जातं, 'बोललंचाललं माफ करा' म्हणतं, आणि घरातल्या प्रत्येकानं 'माफ' म्हणायचं. कुणी अडवत नाही. हारूनचाचा चार घरं करून आता आमच्याकडे येतोय. अम्मीनं चहा ठेवलाय. त्याच्यासाठी भाकऱ्यासुद्धा बांधल्यात, बोला!

"सहर, ओढणी नीट घे," अब्बा म्हणाले. "तो आला की माफ म्हणायचं. वर तोंड करून बोलायचं नाय. त्येचंबी घरदार हाय."

"म्हन गो बाय," अम्मी म्हणाली. "जाणाऱ्याला मोकळ्या मनानं जाऊ दे."

मी दारात जाऊन उभी राहिले, पाठ दाराला लावून.

"अब्बा, तुम्ही माफ म्हणा. अम्मी, तूही म्हण, भाकऱ्या पण दे. पण माझं ठरलंय. मी म्हणणार नाही. जे लोक मशिदीच्या दारात हसले होते ना, ते सगळे तिकडे फाटकापाशी उभे आहेत. हारूनचाचानं त्यांना आपल्या अंगणात आणायचं, अबू सादला आणि त्याच्या भाच्यालाही बोलवायचं, आणि मोठ्यानं म्हणायचं, 'हलिमाभाबीला पानं काढायला मी सांगितलं.' तोवर मुस्तफाचाचा कितीही हॉर्न वाजवू दे, मी या दारातून हलणार नाही. आणि म्हणायचं ते अरबीत म्हणायचं. शब्द अडलाच तर मी आहे सांगायला."