एकशेसत्तरची

“हेल्मेटसकट उभं राहायचं?” वॉटीनं विचारलं.

“हेल्मेटसकट, पाठीवरच्या पिशवीसकट आणि खिशातल्या सॉसेज रोलसकट,” एफी म्हणाली. “हे सगळं घेऊनच उतरणार ना तू?”

“रोल वरच संपतो.”

“मग तो पोटात जातो. वजन तेवढंच राहतं.”

काउंटरला टेकून चहा पिणारे दोघे-तिघे हसले. वॉटी वजनकाट्यावर चढला. एफीनं आकडा पाहिला, त्याला उतरायला लावलं, काटा पुसला आणि पुन्हा चढवलं. आकडा तोच आला.

“वजन घटलंय तुझं.”

“दर रविवारी डोंगर चढतो. घटणारच.”

 इनरलीदन गावातल्या या सायकलच्या दुकानात मागच्या बाजूला तिचं काम चाले. भाड्याच्या सायकली धुवायच्या, तपासायच्या, धक्के झेलणाऱ्या शॉकमध्ये हवा भरायची. हवा किती भरायची ते बसणाऱ्याच्या वजनावर ठरतं, आणि नवऱ्याचं वजन तिला लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं पाठ होतं. डोंगर चढून माणूस बारीक होतो हे खरं, पण त्याला भूकही लागते. वॉटी हल्ली ताटातला बटाटा काट्यानं या कडेहून त्या कडेला ढकलत बसे.

गेल्या आठवड्यात त्याच्या जुन्या सायकलच्या मागच्या सांध्याला तडा गेला होता. दुकानाचा मालक फर्गस यानं त्याच्यासाठी दोन सायकली मुद्दाम बाजूला ठेवल्या होत्या. दोन्हींना पुढे-मागे सस्पेन्शन. एक एकशेचाळीस मिलिमीटर दबणारी, दुसरी एकशेसत्तर.

“माझं ऐकशील तर एकशेचाळीसची घे,” फर्गस म्हणाला. “चढायला हलकी, उतरायला पुरेशी. आठवड्यातून एकदा रानात जाणाऱ्याला आणखी काय हवं?”

“तिच्यावर बसून म्हातारीच्या शिडीवरून ये एकदा. मग खाली बसून दात मोजू आपण.”

“अरे, पण वर न्यायची कोणी? या मोठीचा पुढचं चाक धरणारा फोर्क बघ किती तिरका आहे. उभ्या उतारावर तोल छान राहतो, कबूल. चढावर मात्र पुढचं चाक दारुड्यासारखं भरकटतं.”

“मला चढाशी काय करायचंय? मी उतारासाठी घेतोय.”

म्हातारीची शिडी हा तिथला सर्वांत उभा उतार. स्प्रूस झाडांच्या गर्द रानातून, ओल्या मुळांवरून नदीच्या अंगाला कोसळणारी वाट. ती वॉटीनं आणि त्याचा मित्र डॉडनं फावड्यांनी खणून काढली होती, तेव्हा दोघांचेही केस काळे होते. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळी शरदात याच शिडीवर डॉडचं पुढचं चाक एका मुळावरून घसरलं. बचाव पथक येईपर्यंत वॉटी चिखलात गुडघे टेकून त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून बसला होता. डॉड वाचला. आता तो केल्सोला बहिणीकडे असतो, आणि कपातला चहा नळीनं पितो.

त्यानंतर एफीनं वॉटीकडून एकच शब्द घेतला होता, की शिडीवर एकटं जायचं नाही. वॉटी म्हणाला होता, आपला दुसरा दोस्त सँडी याला घेऊन जाईन.

वॉटी मोठी सायकल चालवून बघायला घेऊन वनखात्याच्या रस्त्यानं वर निघून गेला. एफी हात पुसत काउंटरपाशी आली.

“सँडी भेटेल ना त्याला वर?”

“कोण सँडी?” फर्गस म्हणाला. “आपला सँडी? तो जानेवारीपासून ॲबरडीनला आहे. समुद्रात, तेलविहिरीवर.”

एफीच्या मनात पाल चुकचुकली. जानेवारीपासून किती रविवार गेले, आणि प्रत्येक रविवारी संध्याकाळी वॉटी बूट काढता काढता सांगे, सँडीनं असं केलं, सँडी तसं म्हणाला. मागच्याच आठवड्यात सँडी ओढ्यात पडला होता आणि दोघं हसून हसून दमले होते.

“का गं?” फर्गसनं विचारलं.

“काही नाही.”

“बाई असेल,” चहा पिणाऱ्यांपैकी एक म्हातारा म्हणाला.

“बाई असती तर आंघोळ करून गेला असता,” एफी म्हणाली. सगळे खो खो हसले. तीही हसली आणि मागे निघून गेली.

कामात तिचं लक्ष लागेना. तो एकटाच जातो, आणि तेही शिडीवर. शब्द मोडायचा तर मोडावा माणसानं, पण त्यासाठी समुद्रातल्या सँडीला ओढ्यात पाडायचं? आणि आता एकशेसत्तरची हवी. म्हणजे यापेक्षाही वेगानं जायचं असणार. बायकोला नळीनं चहा पाजायला लावायचा बेत दिसतोय, तिला वाटलं. हा विचार आल्याबरोबर तिला स्वतःचाच राग आला. तरी तो विचार काही गेला नाही.

वॉटी परत आला तो कमरेखाली चिखलानं माखून. तोंड तेवढं स्वच्छ.

“मग?” फर्गस म्हणाला.

“पाळणा आहे रे, पाळणा! शिडीवरची मुळं खाली आहेत की नाहीत तेच कळेना. मोठ्या दगडावरून उडी घेतली, तर गादीवर पडल्यासारखं वाटलं.”

“या वयात उडी!”

“वय तुझं झालंय. मी उतारावर तिशीचा आहे.”

म्हाताऱ्यानं कप उंचावला. फर्गस म्हणाला, वॉटीच्या मापाची ही एकच उरली आहे, आजच सांगून टाक. वॉटी म्हणाला, सांगितलं समज.

एफीनं सायकल मागे नेली. पाण्याची नळी चालू करण्याआधी ती फोर्ककडे वाकली. फोर्कच्या चकचकीत नळीवर एक काळी रबरी कडी असते. फोर्क दबला की कडी वर सरकते, आणि तो जास्तीत जास्त जिथवर दबला तिथेच थांबून राहते. देताना एफी ती तळाशी आणून ठेवते. आलेल्या सायकलची कडी पाहून हवा बरोबर होती की नाही ते समजतं. ही तिची रोजची सवय. आज मात्र ती सवयीनं वाकली नव्हती. कडी पार टोकाला गेलेली दिसणार, आणि मग आपण काय बोलायचं, याची ती तयारी करत होती.

कडी तळापासून जेमतेम तीन बोटांवर होती.

हवा जास्त झाली असेल, असं तिला वाटलं. तिनं पंप लावून पाहिलं. सकाळी भरली होती तेवढीच होती. फोर्क अडकत असेल, म्हणून तिनं हँडलवर भार टाकला. तो लोण्यासारखा खाली गेला. मग कडी पुन्हा तळाशी आणून ती सायकल मागच्या दारानं बाहेर घेऊन गेली, तिच्यावर बसली आणि फुटपाथच्या कडेवरून रस्त्यावर उतरली. साधा, वीतभर उंचीचा दगड. वॉटीपेक्षा ती कितीतरी हलकी. तरीही कडी त्याच्या खुणेच्या पुढे गेली.

म्हातारीच्या शिडीवर जेवढा धक्का बसला नाही, तेवढा त्या कडेवर बसला होता.

पाऊस बारीक भुरभुरत होता. एफी सायकल धरून रस्त्यातच उभी राहिली. सकाळपासून मनात धरलेली गोष्ट हातातून निसटली होती आणि तिच्या जागी दुसरी अजून आली नव्हती. तो शिडीवर गेलाच नाही. मग जातो कुठे? मघाचा विनोद तिला आठवला, आणि आता हसू आलं नाही.

वॉटी मागच्या खोलीत बाकावर बसून बूट काढत होता. एफीनं बूट पाहिले. टाचांना, तळव्यांना, घोट्यांच्या वरपर्यंत चिखलाचा जाड थर. सायकलवरून उतरणाऱ्याचं तोंड माखतं, पाठ माखते. तळवे पॅडलवर असतात, ते इतके माखत नाहीत.

“फर्गसला सांग, ही नको,” ती म्हणाली.

“काय?”

“एकशेसत्तरची नको.”

“सायकल मी चालवणार. तू का ठरवतेस?”

“चालवणार आहेस?”

वॉटीचा हात बुटाच्या नाडीवर थांबला. मग त्यानं भिंतीला टेकवलेल्या सायकलकडे पाहिलं. फोर्ककडे पाहिलं.

“कडी तपासलीस माझी,” तो म्हणाला.

“मी सगळ्यांच्याच तपासते.”

“नवऱ्याची पण?”

“नवऱ्याची आधी. सँडी ॲबरडीनला आहे, वॉटी.”

त्यानं नाडी सोडवली. पुढच्या खोलीत फर्गस कुणाला तरी हँडलची रुंदी समजावून सांगत होता.

“कुठे जातोस रविवारी?”

“वर.”

“वर कुठे? कोणाकडे?”

“कोणाकडे म्हणजे?” त्यानं मान वर केली. ती काय विचारते आहे हे त्याच्या हळूहळू लक्षात आलं आणि त्याला खरंच हसू आलं. “एफी, अगं, हे तोंड बघ. कोण घेईल?”

“मी घेतलंच ना. सांग.”

वॉटीनं बूट ओढून काढला आणि हातातच धरून ठेवला.

“शिडीच्या तोंडाशी जातो. तिथं तोडलेलं खोड आहे, त्यावर बसतो. रोल खातो. कुणी आलं तर म्हणतो, जरा दम खातोय, तुम्ही व्हा पुढे. मग कडेच्या पायवाटेनं उतरतो. चालत. सायकल हातात धरून.”

“दर वेळी?”

“दर वेळी म्हणतो, आज जाऊ. पाय पॅडलवर ठेवतो. हात ब्रेक सोडत नाहीत. मी सांगतो त्यांना, सोडा. नाही सोडत. त्याचं डोकं अजून हातात असल्यासारखे गच्च होतात.”

एफी त्याच्या शेजारी बाकावर बसली.

“मग ही एवढी मोठी कशाला?”

“वाटलं, सायकल दांडगी असली तर जमेल.” बुटावरचा चिखल नखानं खरवडत तो म्हणाला, “आणि लहान घेतली तर सगळ्यांना कळेल. शिडी खणणारा वॉटी टर्नबुल पोरासोरांच्या वाटेवर फिरतो म्हणतील.”

“मला सांगायचं.”

“तू म्हणाली असतीस, बरं झालं, सोड आता.”

ती तसंच म्हणाली असती. 

“मी काय काय समजत होते,” ती म्हणाली.

“काय समजत होतीस?”

“तू मरणार, असं. नंतर थोडा वेळ दुसरंही काही.”

“थोडा वेळच?”

“रस्ता ओलांडेपर्यंत.”

फर्गसनं दारातून डोकं आत घातलं. “मोठीवर नाव टाकू ना, वॉटी?”

 कडीबद्दल एफी एक शब्दही बोलणार नव्हती. तो हो म्हणाला असता तर तिनं ती सायकल धुऊन, तेल घालून त्याच्या हातात दिली असती, आणि आणखी शंभर रविवार सँडीच्या गोष्टी ऐकल्या असत्या.

वॉटीनं बूट खाली ठेवला.

“उद्याचा दिवस ती दुसरी दे,” तो म्हणाला. “एकशेचाळीसची. मग बघू.”

“अरे, पण दात मोजायचे होते ना?”

“आहेत तेवढे पुरेत.”

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दोघं निघाली. एफी आपल्या जुन्या सायकलवर, वॉटी लहानीवर. चढ लांबलचक होता. लहानी हलकी होती, वॉटी पुढे जाऊन वळणावर थांबायचा आणि एफी धापा टाकत पोचली की म्हणायचा, “फर्गसचं खरं आहे, चढते लेकाची.” ती म्हणायची, “बोलू नकोस. मला उत्तर द्यायला दम नाही.”

शिडीकडे जाणारा फाटा आला. दोघं सरळ पुढे गेली, डोंगराच्या पलीकडच्या खांद्यावरून उतरणाऱ्या सोप्या वाटेकडे. पहिली दोन वळणं वॉटी सायकलवर बसूनच उतरला. एफी मागून त्याचे खांदे पाहत होती, ते कानांपर्यंत चढले होते. तिसऱ्या वळणावर झाडांची सावली होती आणि वाटेवर ओली मुळं होती. फारशी मोठी नव्हती. वॉटी थांबला. पाय जमिनीवर टेकले. मग उतरला आणि सायकल हातात धरून चालू लागला. मागे वळून त्यानं पाहिलं नाही.

एफीही उतरली.

दोन सायकलींच्या चाकांची टिकटिक झाडांत ऐकू येत राहिली. खालून विजेच्या सायकलवर एक बाई वर येत होती, लाल जाकीट, तोंडावर घाम. या दोघांना पाहून ती थांबली.

“पंक्चर का हो? माझ्याकडे पंप आहे.”

एफीनं हो म्हणायला तोंड उघडलं होतं. पंक्चर म्हणजे कुणालाही पटेल असं कारण.

“नाही, नाही,” वॉटी म्हणाला. “सायकल उत्तम आहे. मला उतरायची भीती वाटते.”

बाईनं त्याच्याकडे पाहिलं.

“खाली ओढ्यापाशी निसरडं आहे,” ती म्हणाली. “तिथं मीही उतरून चालले.”

“सांगितलंत ते बरं झालं.”

रानात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असते. वॉटीनं आपली सायकल काठाच्या झुडपात ओढून घेतली, एका हातानं स्प्रूसची ओली फांदी बाजूला धरली, आणि बाई वळणाआड जाईपर्यंत ती तशीच धरून उभा राहिला.