नऊ नंबरच्या पेटीतला आवाज

ताई डबा घरीच विसरली, म्हणून धाकटी दुपारी तो द्यायला इस्पितळात गेली. बस स्थानकावरच्या घोषणा धाकटीच्या आवाजात वाजत. दिवसभर बोलायचं आणि कुणी उलटून बोलायचं नाही, असली नोकरी नशिबानंच मिळते, असं म्हणून ताई तिला चिडवायची.

ताई तिसऱ्या मजल्यावरच्या गर्भकक्षात परिचारिका होती. तिथे काचेच्या पेट्यांमध्ये, कोमट पाण्यात, बाईच्या पोटाबाहेर गर्भ वाढत. प्रत्येक गर्भाला रोज तासभर त्याच्या आईचा आवाज ऐकवायचा, असा तिथला नियम. कुणी गाणं म्हणून ठेवलेलं असे, कुणी गोष्ट वाचून.

धाकटी दारातच थबकली. नऊ नंबरच्या पेटीला लावलेल्या छोट्या स्पीकरमधून बारीक आवाज येत होता. पाच दहाची गाडी फलाट चारवरून सुटेल, प्रवाशांनी आपलं सामान सांभाळावं.

आवाज तिचा स्वतःचाच होता.

चार महिन्यांपूर्वी याच इस्पितळात तिनं गर्भ पाडून घेतला होता. नवऱ्याचं घर सोडलं आणि आठवड्याभरात दिवस गेल्याचं कळलं. नव्या कायद्यानं अर्जावर दोन चौकटी आल्या होत्या: गर्भ संपवा, किंवा पेटीत सोपवा. रेडिओवर तेव्हा रोज वाद झडत. आता भांडण मिटलं, म्हणत; बाई मोकळी झाली, जीवही वाचला, मग अडलं कुठे? ताईनंच रेडिओ बंद केला होता. बोलायला यांचं काय जातंय, म्हणाली होती. त्या भरवशावर धाकटीनं तिला मनातलं सांगितलं. नुसतं पोट रिकामं होऊन भागणार नव्हतं. ज्याच्या निमित्तानं तो माणूस पुन्हा दारात उभा राहील, असं कुणी या जगात असायलाच नको होतं. तिनं पहिल्या चौकटीत खूण केली. अर्ज ताईनं आत नेला.

ताई हात पुसत आली, धाकटीचा चेहरा पाहिला आणि सगळं ओळखलं. नाकारायच्या भानगडीत ती पडली नाही.

"तुझी सुटका झाली ना?" ती हळू आवाजात म्हणाली. "तुला काही करावं लागणार नाही. हातात अर्ज होता. तसाच आत द्यायला मला नाही जमलं गं. खूण दुसऱ्या चौकटीत केली."

"तुला जमायचा प्रश्नच नव्हता. खूण मी केली होती."

धाकटी तशीच खाली तक्रारीच्या खिडकीवर गेली. कारकून भला माणूस होता. त्यानं नीट समजावलं. गर्भाशी नातं या रकान्यात आई असं लिहावं लागेल. परक्याची तक्रार घेत नाहीत. चौकशी होईल, परिचारिकेची नोकरी जाईल. आणि आईची नोंद झाली की वडिलांनाही नोटीस जाते.

"त्यांचा पत्ता आहे ना तुमच्याकडे?" त्यानं विचारलं.

तिनं पेनाला टोपण लावलं. कागद खिडकीतून आत सरकवला. घडी न घातलेला, कोरा.

ती पुन्हा वर आली, तेव्हा ताई डब्याशेजारी बसून होती. डबा उघडलेला नव्हता.

"माझा आवाज काढून टाक," धाकटी म्हणाली.

ताईनं नियम सांगितला. घेणारं कुणी ठरेपर्यंत आईचाच आवाज लागतो. घोषणांची ती एकच ध्वनिफीत घरात होती, म्हणून ती लावली. आवाज बंद केला की गर्भाचे ठोके खाली येतात, तिनं स्वतः दोनदा पाहिलं होतं.

"मग तुझा लाव."

"अगं, मी कशी..."

"तुला हवं होतं ना ते? तुझाच लाव."

पेटीच्या खणात आवाज भरायचं यंत्र होतं. धाकटीनं ते स्वतः काढून ताईसमोर ठेवलं आणि बटण दाबलं. लाल दिवा लागला.

"काय बोलू?"

"काय केलंस ते सांग त्याला."

धाकटी हाताची घडी घालून उभी राहिली. दिवा लालच होता, आणि ताईच्या तोंडून अजून शब्द फुटत नव्हता.